घरी 93, बाहेर 108: नव्या कोर्सवर स्कोअर का चढतो?

प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षं एकाच गोल्फ कोर्सवर खेळणारे हे हौशी खेळाडू, हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) 20. घरच्या कोर्सवर 93 फटक्यांच्या आसपास खेळतात. तिघा मित्रांबरोबर नव्या कोर्सवर गेले की तोच आकडा 108 होतो. मित्र काही बोलत नाहीत, पण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो असं त्यांना वाटतं. स्विंगमध्येच खोट आहे का, आणि पुढच्या सहलीला जावं की आधी कोच गाठावा, असं ते विचारतात.

खोट स्विंगमध्ये असती तर ती घरीही दिसली असती. मी 26 वर्षं हौसेने खेळतो आहे. माझा इंडेक्स 11 ते 14 च्या मध्ये वरखाली होत असतो, आणि आमची चौकडी 19 वर्षं दरवर्षी एक-दोन अनोळखी कोर्स खेळून येते. पहिली पाच-सहा वर्षं माझंही नेमकं हेच होत होतं. घरच्या कोर्सवर आपण फक्त फटके मारतो. निर्णय आधीच झालेले असतात. सातव्या होलवर डावीकडे गेलं तर चालतं, उजवीकडे गेलं तर चेंडू संपला, हे पायांना माहीत असतं. नव्या कोर्सवर तीच ओळख नसते, आणि त्या ओळखीचं मोल किती होतं ते कार्डावर उमटतं.

आधी हिशेब करू, कारण त्यातच तुमची बरीचशी लाज निघून जाईल. प्रत्येक कोर्सला प्रत्येक टीसाठी (होलचा पहिला फटका मारायची जागा) दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे स्क्रॅच, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, खेळाडूने तिथे साधारण किती खेळावं तो आकडा. स्लोप म्हणजे बोगी खेळाडूला, म्हणजे तुम्हाआम्हाला, तो कोर्स त्या मानाने किती जास्त जड जातो त्याचं माप. स्लोप 55 ते 155 च्या मध्ये असतो आणि प्रमाण 113 धरलं जातं. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत तुमचा इंडेक्स गुणिले स्लोप भागिले 113, त्यात रेटिंग आणि पार (त्या कोर्सला ठरवलेले अपेक्षित फटके) यांतला फरक मिळवायचा, की त्या कोर्सचा हँडिकॅप निघतो. समजा घरचा कोर्स पार 72, रेटिंग 71, स्लोप 113 आहे. तिथे तुमचा हँडिकॅप 19. मित्रांनी निवडलेला कोर्स पार 72, रेटिंग 73.1, स्लोप 136 असेल तर तिथे तो 25 होतो. म्हणजे तुम्ही अगदी तितकंच चांगलं खेळलात तरी सहा फटके जास्त लागणार. शिवाय इंडेक्स हा शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी उत्तम 8 फेऱ्यांवरून काढतात, सगळ्यांच्या सरासरीवरून नाही. नेहमीचा स्कोअर त्याहून काही फटके वरच असायचा. तेव्हा तुमच्या 15 जादा फटक्यांपैकी सहा कोर्सचेच आहेत. राहिले नऊ. हे उत्तर त्या नऊ फटक्यांबद्दल आहे.

त्यातले दोन-तीन तुम्ही पहिल्या टीवर उभं राहण्याआधीच गमावता. मित्र मागच्या टीवर गेले की आपणही जातो. एवढ्या लांब आलोय तर पूर्ण कोर्स खेळू, असं कोणीतरी म्हणतंच. एक ठोकताळा मी बरीच वर्षं वापरतो आहे: तुमचा 5 आयर्न (मध्यम पल्ल्याचा क्लब, म्हणजे काठी) जितके यार्ड जातो त्याला 36 ने गुणा, साधारण तेवढ्या लांबीच्या टी तुमच्या. 5 आयर्न 150 यार्ड जात असेल तर 5400 यार्ड. 6500 यार्डांच्या टीवरून खेळलात तर जवळजवळ प्रत्येक पार 4 वर दुसरा फटका फेअरवे वुड या लांब पल्ल्याच्या क्लबने मारावा लागतो, आणि अनोळखी ग्रीनवर (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) वुडने मारलेला चेंडू थांबत नाही. चौघांनी एकाच टीवरून खेळलं पाहिजे असं काही नाही. वेगवेगळ्या टीवरून खेळलं तरी वर दिलेल्या सूत्रात रेटिंग आणि पारचा फरक धरलेला असल्याने सामना बरोबरीचाच होतो. आमच्यातला सगळ्यात लांब मारणारा गडी मागून खेळतो, बाकी तिघे दोन टी पुढून, आणि यात कुणाला कमीपणा वाटल्याचं मला आठवत नाही.

आता टीवरच्या निर्णयाबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

एका झाडीच्या कोर्सवर आम्ही पहिल्यांदा गेलो होतो. दोन्ही बाजूंनी उंच झाडं, फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) अरुंद, जवळजवळ प्रत्येक होल कुठेतरी वळणारं. घरी मी सगळ्या पार 4 वर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) काढतो, तसाच तिथेही काढला. आमच्यातल्या 22 हँडिकॅपच्या मित्राने आदल्या संध्याकाळी बसून कार्ड आणि वरून काढलेला नकाशा पाहिला होता. प्रत्येक होलपुढे त्याने फक्त एकच गोष्ट लिहिली होती: चेंडू कुठे गेला तर होल संपतं. त्या दिवशी त्याने ड्रायव्हर तीनदाच काढला, बाकी सगळीकडे 5 वुड किंवा हायब्रिड. त्याचे फटके माझ्यापेक्षा 40 यार्ड मागे राहत होते, पण गवतावर. मी झाडांमधून फटी शोधत होतो. संध्याकाळी नेट स्कोअरमध्ये, म्हणजे हँडिकॅपचे फटके वजा करून, तो माझ्या नऊ फटके पुढे होता. त्यानंतर मी त्याची पद्धत उचलली. अजूनही नव्या कोर्सच्या आदल्या रात्री मी 18 ओळी लिहितो. यार्डांचे आकडे लिहीत नाही, ते तिथे पाटीवर असतात. “डावीकडे पाणी, उजवा बंकर (वाळूचा खड्डा) चालेल.” “ग्रीनच्या मागे उतार, कमीच मारायचं.” एवढंच.

झाडीत गेल्यावर फट दिसते. ती नेहमीच दिसते. घरच्या कोर्सवर पुढे काय आहे ते ठाऊक असल्याने धोका पत्करला तरी समजून पत्करता. अनोळखी जागी आडवा फटका मारून चेंडू फेअरवेवर आणायचा, बस. एक फटका जातो. फटीतून मारायला गेलात की बहुतेक वेळा तीन जातात, आणि मित्र तिथे उभे राहून तुमचा चेंडू शोधतात. तुम्हाला डाचणारा खोळंबा तोच.

काही होल मुळातच आंधळी असतात. आयर्लंडमधल्या लाहिंचच्या ओल्ड कोर्सचं पाचवं होल, ‘द डेल’, पार 3 आहे आणि टीवरून ग्रीन दिसतच नाही. मध्ये वाळूची टेकडी आहे. टेकडीवर एक पांढरा दगड असतो आणि भोकातला झेंडा ज्या रेषेत असेल त्याप्रमाणे तो सरकवतात. अशा ठिकाणी आपला अंदाज बाजूला ठेवून दगडावर विश्वास ठेवायचा. बाकी ठिकाणी पट्टे रंगवलेला खांब असतो किंवा पुढच्या गटाने वाजवायची घंटा. कॅडी (बॅग उचलणारा स्थानिक मदतनीस) मिळत असेल तर पहिल्या फेरीला जरूर घ्या, आणि त्याला “किती यार्ड?” विचारण्याऐवजी “कुठे चुकलं तर चालेल?” असं विचारा. त्याचं खरं ज्ञान या दुसऱ्या उत्तरात आहे.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर हे फार ठळकपणे कळतं. तिथे 1, 9, 17 आणि 18 ही चार होल सोडली तर बाकीची दोन-दोन मिळून एकेक ग्रीन वापरतात, आणि जोडीची बेरीज नेहमी 18 येते: दुसरं आणि सोळावं, तिसरं आणि पंधरावं, असं पुढे. ही ग्रीन इतकी मोठी आहेत की ग्रीनवर पोचूनही झेंडा 30 मीटर लांब असू शकतो. ग्रीन गाठलं म्हणून हुश्श करावं आणि तिथून तीन पट (ग्रीनवरचे घरंगळते फटके) लागावेत. ग्रीनच्या कोणत्या भागात उतरायचं हा प्रश्न तो कोर्स दर होलला विचारतो. लहान प्रमाणात प्रत्येक कोर्स तोच विचारत असतो, घरी आपल्याला उत्तर पाठ असतं इतकंच.

ग्रीनवरच तुमच्या नऊपैकी निदान तीन-चार फटके असणार, तुमचं कार्ड न बघताही मी हे सांगतो. गवत वेगळं, वेग वेगळा. ग्रीनचा वेग मोजायची स्टिम्पमीटर नावाची खोबणीची धातूची पट्टी असते. तिच्यावरून सोडलेला चेंडू सपाट जागी किती फूट जातो तो त्या ग्रीनचा आकडा. घरचं ग्रीन 8 चं आणि नवीन 10.5 चं असेल तर घरच्या हाताने मारलेला 30 फुटांचा पट भोकाच्या आठ-नऊ फूट पुढे जाऊन थांबतो. मग परतीचा आठ फुटांचा पट कितीजणांचा जातो? म्हणून टी-टाइमच्या आधी अर्धा तास हातात असेल तर सरावाच्या रेंजवर बादलीभर चेंडू मारू नका. 10 मिनिटं अंग मोकळं करा आणि 20 मिनिटं सरावाच्या ग्रीनवर घालवा, तीही भोकाशिवाय. ग्रीनच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत चेंडू नेऊन थांबवायचा, चढावर, उतारावर, आडव्या उतारावर. भोक समोर असलं की मन दिशेवर जातं, आणि नव्या जागी तुम्हाला हवा असतो वेग. शेवटी तीन फुटांचे चार-पाच पट पाडायचे, आवाज कानात घेऊन टीवर जायचं.

बर्म्युडासारख्या गवताला कल असतो, पाती एका बाजूला झुकलेली असतात. तुमच्या बाजूने बघताना गवत चकचकीत दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकली आहेत, चेंडू पळेल. मंद, गडद दिसलं तर उलट. शंका आली तर भोकाची कड बघा: एक बाजू स्वच्छ कापलेली आणि दुसरी जराशी फाटकी, वाळलेली असते. पाती त्या फाटक्या बाजूकडे झुकलेली असतात. बेंटग्रास जातीच्या गवतावर हे फारसं जाणवत नाही, तिथे उतारच वाचायचा.

समुद्रकाठच्या लिंक्स कोर्सवर जाल तेव्हा घरची सवय मोडायला सगळ्यात जड जाते. जमीन वाळूची, टणक. चेंडू पडल्यावर पळतो. वाऱ्यासमोर जोर लावून मारायचा मोह होतो, आणि जोर लावला की बॅकस्पिन वाढते, चेंडू वर चढतो, तिथेच लटकतो आणि अलीकडे पडतो. दोन क्लब जास्त, म्हणजे दोन पायऱ्या लांब मारणारा क्लब घ्या, पकड थोडी खाली, स्विंग सावकाश. ग्रीनच्या 20 यार्ड बाहेरून सरळ पटर काढा. लॉब वेजने टणक जमिनीवर नाजूक फटका मारणं माझ्या हँडिकॅपच्या माणसालाही झेपत नाही.

लिंक्सवरचे ते विहिरीसारखे खोल बंकर. एकदा वाऱ्याच्या दिवशी पार 4 वर माझा दुसरा फटका अशा एका बंकरमध्ये गेला, उभ्या भिंतीला चिकटून. ग्रीन फक्त 60 यार्डांवर होतं, म्हणून मी पुढेच मारत राहिलो. चार फटके त्या भिंतीला लागले. माझा जोडीदार वर उभा होता, शेवटी तो शांतपणे म्हणाला, “अरे, मागे मोकळं आहे.” मी मागे मारला आणि एका फटक्यात बाहेर आलो. त्या होलवर 9 लागले. सामना आम्ही तिथेच हरलो आणि मला जोडीदाराबद्दल वाईट वाटलं, कारण तो दिवसभर सुरेख खेळत होता. नियमातही एक वाट आहे: बंकरमधला चेंडू खेळण्याजोगा नाही असं ठरवून, एक दंड घेऊन बंकरच्या आतच ड्रॉप करता (हातातून सोडता) येतो, आणि 2019 पासून दोन दंड घेऊन झेंड्याच्या रेषेत मागे, बंकरच्या बाहेर. दोन फटके ऐकायला जास्त वाटतात. तेव्हा मला तीन वाचले असते.

डोंगरातल्या कोर्सबद्दल एवढंच: समुद्रसपाटीपासून 1600 मीटरच्या आसपास हवा विरळ असल्याने चेंडू सहा ते दहा टक्के जास्त जातो. पहिल्या तीन होलांवर किती जास्त जातोय ते बघा आणि मग तोच हिशेब धरा.

आता मित्रांबद्दल. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचा खरा सल इथे आहे.

तुम्ही चौघं बहुधा स्ट्रोक प्ले खेळता, प्रत्येकाने आपापले सगळे फटके मोजायचे. अनोळखी कोर्सवर चार मित्रांसाठी याहून वाईट प्रकार मला माहीत नाही. तिसऱ्या होलवर एकाला 10 लागले की त्याचा दिवस तिथे संपतो आणि उरलेली 15 होल बाकीच्यांना त्याचा चेहरा बघत खेळावी लागतात. त्याऐवजी स्टेबलफर्ड खेळा. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत, 1932 साली इंग्लंडमधल्या वॉलसी इथे तिची पहिली स्पर्धा झाली. नेट बोगीला (पारहून एक जास्त) 1 गुण, पारला 2, बर्डीला (पारहून एक कमी) 3, आणि बोगीहून वाईट झालं तर शून्य. शून्य झालं की चेंडू उचलायचा आणि मित्राचा झेंडा धरायला जायचं. हँडिकॅपसाठी आकडा लागतो तोही बुडत नाही, कारण पद्धतीतच एका होलची कमाल मर्यादा नेट डबल बोगी आहे. हँडिकॅप 25 असेल तर स्ट्रोक इंडेक्स (होलांचा अवघडपणाचा क्रम, 1 सगळ्यात अवघड) 1 ते 7 च्या होलांवर तुम्हाला दोन-दोन फटके मिळतात. अशा पार 4 वर तुमची मर्यादा 8. आठव्या फटक्यातही चेंडू भोकात जाण्याची आशा नसेल तर उचला. यात अपमान नाही, हा नियम तुमच्यासारख्यांचा विचार करूनच केलेला आहे.

आमचा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे फोरबॉल, दोन विरुद्ध दोन, प्रत्येक होलला जोडीतला चांगला स्कोअर धरायचा, आणि दर सहा होलांनी जोड्या बदलायच्या. चौघांच्या जोड्या तीनच प्रकारे पडतात, सहा गुणिले तीन अठरा, त्यामुळे प्रत्येकजण प्रत्येकाचा जोडीदार होतो. नव्या कोर्सवर याचा फायदा दुहेरी आहे. एकाने सुरक्षित मारायचा आणि दुसऱ्याने त्याचा चेंडू कुठे पडला ते बघून ठरवायचं. म्हणजे कोर्सची ओळख दोघं वाटून घेता. मॅच प्लेच्या, म्हणजे होलागणिक जिंकण्याच्या, फोरबॉलमध्ये हँडिकॅपचे 90 टक्के घेतात आणि सगळ्यात कमी हँडिकॅपवाल्याशी जो फरक पडेल तेवढे फटके इतरांना मिळतात. फोरसम्स, म्हणजे एकच चेंडू आळीपाळीने मारायचा, हा प्रकार मला मनापासून आवडतो, पण पहिल्या दिवशी नको. जोडीदाराला झाडीत ठेवण्याचं ओझं नव्या जागी फार होतं.

खोळंब्याबद्दल सरळ सांगतो. 93 खेळणारा आणि 108 खेळणारा यांच्या वेळेतला फरक 15 फटक्यांचा नसतो. फटका मारायला किती वेळ लागतो? वेळ जातो चेंडू शोधण्यात, आणि आपली पाळी आली की क्लब निवडायला सुरुवात करण्यात. शोधायला नियमाने तीनच मिनिटं आहेत, 2019 आधी पाच होती. थोडीशी जरी शंका असेल तरी जागेवरून हलण्याआधी “प्रोव्हिजनल मारतोय” असं मोठ्याने सांगून, पहिला सापडला नाही तर धरायचा असा दुसरा चेंडू मारा. न सांगता मारलात तर तोच खेळातला चेंडू ठरतो. जो तयार असेल त्याने मारावं, लांब कोण आहे ते बघत बसू नये. एवढं पाळलंत तर 108 खेळूनही तुम्ही कुणाला अडवणार नाही.

आणि एक गोष्ट चौघांनी मिळून ठरवा: मागितल्याशिवाय स्विंगचा सल्ला द्यायचा नाही. आमच्या तिसऱ्या की चौथ्या सहलीत एकाने दुसऱ्याला चौथ्या होलवर पकडीबद्दल सांगितलं, पाचव्यावर खांद्याबद्दल, सहाव्यावर डोक्याबद्दल. सल्ला बरोबर होता आणि हेतूही चांगला होता. पण ज्याला दिला तो आठव्या होलपासून एक शब्द बोलला नाही, आणि त्याचं गप्प होणं आम्हा चौघांनाही जड गेलं. रात्री बसून आम्ही हा नियम केला. झेंड्याची रेषा सांगा, वारा सांगा, “मागे मोकळं आहे” सांगा. स्विंग रेंजवर.

सहल आखताना एका दिवसात 36 होल ठेवू नका. दुसऱ्या फेरीत पाय थकतात आणि त्या कोर्सबद्दल काहीच लक्षात राहत नाही. सगळ्यात कठीण कोर्स दुसऱ्या दिवशी ठेवा. पहिल्या दिवशी अंगात प्रवास असतो.

तेव्हा सहलीला जा. कोचकडेही जा, पण स्विंग बदलायला नाही. सहलीच्या तोंडावर स्विंग बदलणं म्हणजे दोन्हीकडून जाणं. दोन तास घ्या: एक बंकरमधून एका फटक्यात बाहेर येण्याचा, दुसरा 40 यार्डांच्या आतल्या फटक्यांचा, त्यातही चेंडू खाली ठेवून पळवण्याचा. आणि कार्डावर एकूण स्कोअरच्या शेजारी तीन रकाने आखा: पट किती, दंडाचे फटके किती, आणि अडचणीतून बाहेर यायला एकाहून जास्त लागलेले फटके किती. सहलीतल्या सगळ्या दिवसांची कार्डं ठेवून द्या. घरी आल्यावर त्याच कार्डाने घरच्या कोर्सवर एक फेरी खेळा आणि रकाने शेजारी-शेजारी ठेवून बघा, ते नऊ फटके तुम्हाला नावानिशी दिसतील.